फोटोत भरलेली भेग

मला किळस पटकन येते. दुसऱ्याच्या कंगव्यात अडकलेले केस, लग्नाच्या हॉलमधलं चिकट टेबल, रिक्षात आधी बसलेल्या माणसाची सीटवर राहिलेली ऊब, काहीही पुरतं. आई म्हणायची, "एवढी शिसारी घेऊन तू नोकरी कुठे करणार आहेस?" आणि मी नोकरी धरली ती मानपाड्याला, औद्योगिक वसाहतीत, जिथे गटाराच्या पाण्याचा रंग रोज वेगळा असतो आणि वारा फिरला की घरातल्या वरणभातालाही औषधासारखा वास लागतो.

आधी मी एका रंगाच्या कारखान्यात होते. धातूवर रंगाचा पातळ लेप सारखा बसतो की नाही, उन्हात तडकतो का, पाण्यात सुटतो का, हे बघायचं माझं काम. मग कोणीतरी सांगितलं की दोन गल्ल्या पलीकडे एक नवी कंपनी आलीय, बॅटरीसाठी लेप बनवतात, लेपातलं कळणारं माणूस हवंय. मी गेले. कंपनीचे मालक परदेशात शिकून आलेले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि ते सगळ्यांना, अगदी वॉचमनलाही, "बाळा" म्हणायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला काम समजावून सांगितलं आणि इतकं छान सांगितलं की मी तिथेच हो म्हणाले. बॅटरीच्या आत लिथियमचा पत्रा असतो. मऊ, चांदीसारखा, सुरीने लोण्यासारखा कापता येतो. बॅटरी चार्ज होताना लिथियम त्या पत्र्यावर येऊन बसतं, पण सपाट बसत नाही. शेवाळासारखं, सुयांसारखं वाढत जातं. एखादी सुई वाढत वाढत पलीकडच्या बाजूला टोचली की आतल्या आत शॉर्ट, मग धूर, मग आग. म्हणून पत्र्यावर एक लेप द्यायचा, सुयांना दाबून धरणारा. पण पत्रा सतत फुगतो आणि आकसतो, त्यामुळे लेपाला भेगा पडतात आणि सुया नेमक्या भेगेतून वर येतात. "म्हणून आपला लेप असा हवा," सर म्हणाले, "की भेग पडली तरी तो स्वतःची स्वतः भरून काढेल. आपल्या कातडीसारखा. आपण बॅटरीला त्वचा देतोय, बाळा."

ही थाप नव्हती. असा पदार्थ असतो आणि आम्ही तो बनवलेला. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना हाताने धरल्यासारख्या धरून असतात, तुटल्या की पुन्हा धरतात. काचेच्या पट्टीवर मी त्याचा लेप दिला, ब्लेडने चिरला, कोमट ठेवला आणि जेवून आले तर चीर नाहीशी झालेली. रंगाच्या कारखान्यात इतकी वर्षं मी तडकलेले लेप फेकून देत होते. तडकलेला लेप परत जुळून येतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी घरी जाऊन मी ते बाबांना इतक्या वेळा सांगितलं की ते म्हणाले, "कळलं गं, मलम आहे ते बॅटरीचं."

बाबा खोपटच्या डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले. डोंबिवलीहून ठाण्याला रोज जाऊन एसटीची इंजिनं खोलायचे. यंत्राबद्दल कोणी उत्साहाने बोललं की त्यांना बरं वाटायचं, आणि इथे तर त्यांची स्वतःची मुलगीच बोलत होती. आमच्या सोसायटीत प्रत्येकाला कळलं की मी न जळणारी बॅटरी बनवते आहे. मी तसं म्हटलेलं नव्हतं, पण बाबांना एवढा बारकावा कोण सांगणार.

कामात किळस होतीच. लिथियमला हवा चालत नाही, म्हणून सगळं काम एका बंद काचेच्या पेटीत. पेटीला रबरी हातमोजे जोडलेले, बाहेरून त्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि आतल्या वस्तू हाताळायच्या. ते हातमोजे सगळ्यांचे एकच. माझ्या आधी कल्याणचा माझा सहकारी बसायचा. त्याच्या घामाने आतून ओले झालेल्या रबरात हात घालताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी आत सुती मोजे घालायला लागले तर तो हसायचा. "माझा घाम काय ॲसिड आहे का?" स्वभावाने चांगला होता. दुपारी त्याच्या डब्यातली मुगाची भाजी मी हक्काने खायचे.

खरा प्रश्न सुरू झाला आम्ही लेप काचेवरून उचलून प्रत्यक्ष सेलमध्ये घातला तेव्हा. सेल म्हणजे बॅटरीतलं एक घर. आम्ही ते चपट्या पाकिटात बनवायचो, मसाल्याच्या पुडीएवढं. आत लेप दिलेला पत्रा, दुसऱ्या बाजूचा पत्रा, आणि मध्ये एक द्रव. काही दिवस चार्ज-डिस्चार्ज केल्यावर पाकिटं फुगली. पोट फुगलेल्या मेलेल्या बेडकासारखी दिसत होती. काचेच्या पेटीत मी एक उघडलं आणि लेप शोधायला लागले. लेप नव्हताच. त्याच्या जागी राखाडी, लिबलिबीत, शेंबडासारखं काहीतरी चिमट्याला चिकटून तारा धरत वर आलं. माझा लेप तो द्रव पिऊन पिऊन सुजलेला आणि पत्र्यावरून सुटून आलेला. खाली काळं शेवाळ माजलेलं. मी चिमटा ठेवला, हात बाहेर काढले आणि बेसिनवर जाऊन उभी राहिले. उलटी झाली नाही, पण होईल असं बराच वेळ वाटत होतं.

तरी मला वाईट वाटलं नव्हतं, खरंच. प्रयोग असेच फसतात. द्रव कमी पिणारा लेप बनवायला हवा, साखळ्या जरा घट्ट बांधायला हव्यात, मग भेगा भरायला त्या तितक्या मोकळ्या राहणार नाहीत, मग मधला मार्ग शोधायचा. हेच तर काम. मी सरांना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "शोधू या, बाळा. पण पुढच्या आठवड्यात पाहुणे येणारेत."

पाहुणे म्हणजे कंपनीत पैसे घालणारी माणसं. कार्यक्रम घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात ठेवलेला. आम्ही सगळे इस्त्रीच्या कपड्यांत गेलो, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकून सुरकुतलो. हॉलमध्ये एसी इतका की पनीरच्या तुकड्यांवर तूप गोठलेलं. सर बोलायला उभे राहिले. कातडी, जखम, खपली, सगळं सुंदर सांगितलं. मग पडद्यावर दोन फोटो आले. डावीकडे सेलमधून काढलेला तडकलेला लेप, खाली लिहिलेलं 'आधी'. उजवीकडे गुळगुळीत, सलग लेप, 'नंतर'. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उजवीकडचा फोटो मी ओळखला. त्याच्या कोपऱ्यात दोन गोल खड्डे होते. लेप देताना खाली धुळीचा कण राहिला की त्याच्याभोवती लेप मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. रंगवाले त्याला फिश-आयच म्हणतात. त्याच आठवड्यात मी एका पत्र्यावर लेप दिलेला, त्यावर शेजारी शेजारी असे दोन डोळे आलेले, आणि मी तो नापास म्हणून पेटीतच बाजूला ठेवलेला. तो कधी सेलमध्ये गेलाच नव्हता. त्याला कधी भेग पडलीच नव्हती, मग भरणार कुठून? माझा टाकून दिलेला कोरा पत्रा पडद्यावर भिंतीएवढा होऊन 'नंतर' म्हणून झळकत होता आणि ते दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

तोंडातलं पनीर मी कागदी रुमालात काढलं.

परतताना गाडीत मी कल्याणच्या सहकाऱ्याला विचारलं, "तो फोटो तू काढलास?"

"सरांनी सांगितलं."

"अरे, तो पत्रा कोरा होता."

"माहितेय गं. सगळेच करतात. एवढं काय?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला होम लोन आहे." त्या दिवसापासून मला त्याच्या डब्यातलं खाववेना. मुद्दाम नाही, घास फिरायचा तोंडात.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मला वाटलेलं ते नाकारतील, चिडतील. त्यांनी खुर्ची पुढे केली, काजूकतलीचा बॉक्स माझ्यासमोर सरकवला आणि अगदी मायेने म्हणाले, "तू ओळखलंस. मला तुझं कौतुक वाटलं. आता मला सांग, तुझा या लेपावर विश्वास आहे ना?"

"आहे."

"आज ना उद्या ती भेग भरणारच आहे ना?"

"भरेल. पण अजून..."

"मग झालं तर. आपण उद्याचा फोटो आज दाखवला. एवढंच." ते हसले. "लाजायचं काय त्यात, बाळा?"

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात चांदीच्या वर्खाचा एक तुकडा चिकटलेला, बोलताना हलत होता. माझं लक्ष तिथून हटेना. ते खोटं बोलले म्हणून मला राग आला असता. पण त्यांना ते खोटं वाटतच नव्हतं, आणि त्या गोडव्यातच काहीतरी नासलेलं होतं. मी "फोटो काढून टाका" एवढंच म्हणाले आणि उठले. फोटो कोणी काढला नाही.

मग दिवाळी आली. कंपनीत घरच्या मंडळींना बोलावून फराळ द्यायची पद्धत होती. बाबा नवा शर्ट घालून आलेले. सरांनी सगळ्यांसमोर त्यांना एक इमर्जन्सी दिवा भेट दिला. छोटासा, पांढरा, वर चिकटवलेलं: 'स्वतःला बरी करणारी बॅटरी'. "काका, ह्यात तुमच्या मुलीने बनवलेली त्वचा आहे," सर म्हणाले. बाबांनी दिवा दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा. डेपोतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं घड्याळसुद्धा त्यांनी असं घेतलं नसेल.

आमचे सेल काय करतात ते मी पाहिलेलं. लेप सुजून सुटणार, सुया वाढणार, आणि हा दिवा बाबा उशाशी ठेवणार. घरी आल्या आल्या मी म्हटलं, "बाबा, हा चार्ज करायचा नाही."

"का? तुमच्याच कंपनीचा आहे ना?"

"म्हणूनच."

बाबांना कळलं नाही. तोवर शेजारचे दोघेजण दिवा बघायला येऊन गेलेले. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? ते गेल्यावर मी खाली बांधकामाच्या ढिगातून वाळू आणली, पोहे ठेवायचा मोठा स्टीलचा डबा रिकामा केला, दिवा वाळूत पुरला आणि डबा गॅलरीत ठेवला. आई बघत राहिली. "दिवाळीत दिवा पुरतेस?" एवढंच म्हणाली.

सकाळी तो डबा मांडीवर घेऊन मी शेअर रिक्षात बसले. शेजारी एक बाई बाळ घेऊन बसलेली. प्रत्येक खड्ड्याला मी डबा दोन्ही हातांनी दाबून धरत होते आणि बाळाकडे बघत नव्हते. अर्ध्या वाटेत मला ते सहन होईना. उतरले, आणि उरलेला रस्ता गटाराच्या कडेने, नाकाला ओढणी लावून चालत गेले. त्या दिवशी गटार जांभळं होतं.

लॅबमध्ये कल्याणचा सहकारी एकटाच आलेला. मी डबा टेबलावर ठेवला आणि दिव्याचे स्क्रू काढायला घेतले. तो म्हणाला, "राहू दे ना."

मी झाकण उघडलं. आत आमचं पाकीट नव्हतं. बाजारात मिळतो तो साधा गोल सेल, कुठल्याही टॉर्चमध्ये असतो तसा. त्याच्यावर आमच्या कंपनीची निळी पट्टी गुंडाळलेली, नीटही नाही, एका बाजूला गोंदाचा ओघळ आलेला.

"हे काय आहे?"

"मग काय, आपले सेल घालणार होतो?" तो वैतागून म्हणाला. "वेडी आहेस का? कोणाच्या घरात पेटला असता तर?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे की ते पेटतील."

तो काढलेले स्क्रू गोळा करायला लागला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, बाबांच्या उशाशी काहीच धोक्याचं नव्हतं. पण मी रात्रभर ज्याला घाबरले, ज्याच्यासाठी एका तान्ह्या बाळाशेजारी श्वास रोखून बसले, ती भीतीसुद्धा ह्या लोकांनी खोटी दिलेली होती. मी त्या गोंदाच्या ओघळाला हात लावला. तो अजून ओलसर होता, बोटाला चिकटला. साबणाने घासला तरी बराच वेळ जाईना.

महिन्याभराने पैसे घालणाऱ्यांनी एक तज्ज्ञ बाई पाठवल्या, पुण्याहून. वयाने मोठ्या, नीटनेटक्या, शांत. सर त्यांना लॅबभर फिरवत होते, आम्ही मागे उभे. काचेच्या पेटीजवळ आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, एखादा सेल उघडून बघायचा आहे का?"

सर लगेच म्हणाले, "बाळा, मॅडमना गाडी पकडायची आहे."

"आहे मला वेळ," बाई म्हणाल्या. त्यांनी अंगठ्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि ओल्या हातमोज्यांत बिनदिक्कत हात घातले. मी बाहेरून सांगत गेले, कुठलं पाकीट, कुठे कापायचं. त्यांनी कापलं. चिमटा लावला. राखाडी बुळबुळीत तार वर आली आणि काचेवर टेकली.

"लेप सुटलाय," बाई म्हणाल्या. त्यांना किळस वगैरे काही आली नाही, डॉक्टरने जखम बघावी तशा बघत होत्या. "होतं असं. सुरुवातीला होतंच." मग हात बाहेर न काढता मान वळवून विचारलं, "मग 'नंतर'चा फोटो कुठला?"

सर म्हणाले, "फाइल चुकून अदलाबदल झाली असेल. मी बघतो." आणि माझ्या सहकाऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि "हो, माझ्याकडूनच झालं असेल" असं म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

"चुकून नाही," मी म्हटलं. "तो पत्रा माझा होता. कोरा होता. मी नापास करून ठेवलेला." माझा आवाज चिरका येत होता, पण मी सगळं सांगितलं. दिव्याचंही.

बाईंनी ऐकून घेतलं. जाताना जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "बरोबर केलंस. पण मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर तुझ्या सरांची अब्रू गेली." मला वाटलेलं निदान एक माणूस तरी माझ्यासारखा ओकारी आल्यागत तोंड करेल.

नंतर कळलं ते असं. पैसे आले. थोडे उशिरा आणि थोडे कमी, पण आले. फोटोच्या जागी एक चित्र आलं, भेग आणि तिला जोडणारे छोटे बाण. 'भरते' ऐवजी 'भरण्याची क्षमता आहे' असं लिहिलं गेलं. मला कोणी काढलं नाही. सर पूर्वीइतक्याच प्रेमाने बाळा म्हणत राहिले, आणि तेच मला सोसेना. मी राजीनामा दिला.

दिवा मी स्क्रू लावून घरी परत आणलेला, आणि राजीनाम्यानंतर बाबांना त्यातला सेल कुठला ते सांगितलं. त्यांनी सोसायटीत सगळ्यांना दाखवलेला दिवा. मग तो कापडाने पुसला, पिशवीत घातला आणि स्कूटरवरून एकटेच मानपाड्याला गेले. गेटवर वॉचमनच्या हातात दिला. "साहेबांना सांगा, आमच्या घरात लाइट आहे." घरी येऊन हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. तो दिवाळीचा नवा शर्ट त्यांनी परत घातलेला मी पाहिला नाही.

मी आता ठाण्याला एका छोट्या लॅबमध्ये आहे. लेपच करते, लिथियमवरचेच, कारण ते काम मला कधी घाण वाटलं नाही. लेप अजून सुजतो, पण कमी. गेल्या पावसाळ्यात उघडलेल्या एका सेलमध्ये तो पत्र्याला धरून होता. एका जागी भेग पडून भरल्याची पुसट रेघ होती, बाकीच्या जागी नव्हती. मी फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'एका जागी'.

मागच्या रविवारी कल्याणच्या सहकाऱ्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "लेप सुटतोच आहे गं अजून. तू सूज कशी कमी केलीस?"

मी त्याला सांगितलं. साखळ्या कुठे बांधायच्या, किती मोकळ्या ठेवायच्या, वाळवताना घाई करायची नाही. आमच्या लॅबने हे आधीच छापून टाकलेलं, लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याने सगळं नीट ऐकलं, दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "अजून राग आहे का माझ्यावर?"

"राग नाही," मी म्हटलं. "किळस आहे."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी म्हटलं, "ठेवते, कुकर लावायचाय."